गाडी येत असल्याची वर्दी : रेडिओ लहरी आणि रेल्वे फाटक (लेखांक सहावा)

रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर जेथे एकमेकांना छेदतात, तेथे थांबण्याची जबाबदारी नेहमी रस्त्यावरील वाहनावरच येते, कारण ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीला आणीबाणीचा ब्रेक लावल्यानंतरही पूर्ण थांबायला जवळजवळ किलोमीटरभर अंतर लागते. त्यामुळे फाटकावरील सुरक्षेचा सारा प्रश्न गाडी येत असल्याची वर्दी वाहनचालकाला वेळेत मिळते की नाही, यावर येऊन ठेपतो. भारतीय रेल्वेवर फाटकाच्या ६०० मीटर अलीकडे ‘सी/फा’ अशी अक्षरे असलेला पिवळा फलक उभा असतो आणि तो दिसताच लोको पायलटने शिट्टी वाजवायची असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने ते अंतर कापायला गाडीला सुमारे २२ सेकंद लागतात. मात्र काचा वर करून, वातानुकूलन आणि गाणी चालू ठेवून येणाऱ्या मोटारीत ही शिट्टी बहुधा पोचतच नाही.

मागील लेखांकात पाहिलेले ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळांमधूनच क्षीण वीजप्रवाह खेळवून गाडीची चाहूल घेणारी योजना, अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये सिद्ध केली. गाडीची चाके दोन्ही रूळ विजेच्या दृष्टीने जोडतात, त्यामुळे प्रवाह पलीकडच्या रिलेपर्यंत पोचत नाही आणि धोक्याचा दिवा लागतो. या योजनेचा मोठा गुण असा, की रूळ तुटला, तार निखळली किंवा वीज गेली, तरीही रिले सुटतो आणि दिवा धोकाच दाखवतो. मात्र प्रत्येक फाटकावर अशी व्यवस्था बसवणे आणि ती राखणे खर्चाचे असते. म्हणून गाडीनेच आपल्या येण्याची वर्दी रेडिओ लहरींवरून द्यावी, हा विचार पुढे आला.

या विचाराला भारतात प्रत्यक्ष रूप दिले ते कोकण रेल्वेने. १९९९ च्या गैसल येथील भीषण टकरीनंतर, कोकण रेल्वेचे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांच्या कल्पनेतून टक्करविरोधी उपकरणाचा विकास झाला. इंजिनावरील उपकरण उपग्रहांच्या साह्याने स्वतःचे स्थान व वेग ठरवी आणि रेडिओ मोडेमवरून सुमारे ३ किलोमीटरच्या परिसरात कळवत राही. अशाच उपकरणाचा एक प्रकार फाटकासाठी होता : मानवरहित फाटकावर तो संदेश मिळताच भोंगा व दिवा चालू करी, तर गेटमन असलेले फाटक उघडे राहिल्यास येणाऱ्या गाडीचा वेग कमी करवी. २००६ च्या सुमारास ही यंत्रणा ईशान्य सीमांत रेल्वेच्या सुमारे १,७०० किलोमीटर मार्गावर बसवली गेली.

कोकणची भूमी या तंत्राची कसोटी पाहणारी आहे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. त्यात शिरलेल्या इंजिनाला उपग्रह दिसत नाहीत, आणि डोंगर आडवे आले की जमिनीलगतची लहरही अडते, म्हणून संदेश ग्रहण करून पुढे पाठवणारे रिपीटर ठिकठिकाणी उभारावे लागतात. शेजारच्या दोन रुळांच्या मध्यरेषांत जेमतेम चार-पाच मीटर अंतर असल्यामुळे गाडी नेमकी कोणत्या रुळावर आहे, हे उपग्रहावरून ओळखणेही अवघड जाते. टक्कर टाळण्यासाठी ही उणीव गंभीर ठरते. वाहनचालकाच्या दृष्टीने मात्र ती तितकी गंभीर नाही, कारण कोणत्याही रुळावरून गाडी आली तरी त्याने थांबायचेच असते.

त्याच्या दृष्टीने खरी अडचण वेळेची असते. इशारा ३ किलोमीटरवरून सुरू झाला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी १०८ सेकंदांत फाटकावर पोचते, पण ताशी २५ किलोमीटर वेगाने रखडणारी मालगाडी सात मिनिटांहून अधिक वेळ घेते. एवढा वेळ भोंगा वाजूनही गाडी दिसली नाही, की माणसाचा इशाऱ्यावरचा विश्वास उडतो, आणि तो उडालेला विश्वास पुढच्या वेगवान गाडीच्या वेळी जीवघेणा ठरतो. म्हणून संदेशात वेगही असायला हवा आणि इशारा केव्हा सुरू करायचा, याचा हिशेब फाटकावरच व्हायला हवा.

अमेरिकेत याच्या पुढची पायरी, म्हणजे थेट वाहनात इशारा देण्याची, अजमावली गेली. १९९१ च्या वाहतूक कायद्यातील तरतुदीनुसार अशा यंत्रणांच्या चाचण्या कोलोरॅडोतील प्युब्लो येथे झाल्या, आणि मिनेसोटातील ग्लेन्को परिसरात १९९७-९८ मध्ये शाळेच्या बसमध्ये ग्राहक यंत्रे बसवण्यात आली. गाडीने थेट वाहनाशी बोलायचे ठरवले, तर लहर चहूकडे पसरते आणि रुळांना समांतर रस्त्याने जाणाऱ्या, फाटक कधीच न ओलांडणाऱ्या वाहनांतही भोंगे वाजू लागतात. गाडीने फाटकाला कळवावे आणि फाटकाने अल्प पल्ल्याच्या लहरींवरून जवळच्या वाहनांना सांगावे, ही रचना त्यामुळे अधिक शहाणपणाची आहे. एक गाडी निघून जाताच घाईने पुढे सरणाऱ्याला ‘दुसरी गाडी येत आहे’ असेही तीत सांगता येते. नुसत्या लुकलुकत्या दिव्याला ते जमत नाही.

तरीही या तंत्रातील सर्वांत नाजूक जागा शांततेची आहे. ट्रॅक सर्किट बिघडले तर धोका दाखवते. रेडिओ बिघडला तर मुका होतो, आणि वाहनातील यंत्र गप्प असल्याचा अर्थ चालक स्वाभाविकपणे ‘गाडी नाही’ असाच घेतो. यावर उपाय एकच : फाटकावरील प्रेषकाने गाडी नसतानाही ‘मार्ग मोकळा’ असा संदेश अखंड देत राहावे आणि तो खंडित होताच वाहनातील यंत्राने धोका समजावा. ही सोय नसलेली कोणतीही योजना फाटकाची जागा घेण्यास लायक नाही.

भारतात जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरील मानवरहित फाटके हटवण्यात आली, आणि गाड्यांची टक्कर टाळण्यासाठीच्या ‘कवच’ प्रणालीत फाटक जवळ येताच इंजिनाची शिट्टी आपोआप वाजण्याची सोय आहे. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये सर्वच फाटके पाच वर्षांत काढून टाकण्याची शिफारस केली होती, आणि ती योग्यच होती, कारण रुळांवरून वा रुळांखालून जाणाऱ्या रस्त्याला कोणत्याही इशाऱ्याची गरज पडत नाही. तोवर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १३१ प्रत्येक चालकाने ध्यानात ठेवावे : रखवालदार नसलेल्या फाटकापाशी वाहन थांबवून सोबत्याने, आणि सोबती नसल्यास चालकाने स्वतः, खाली उतरून दोन्ही बाजूंना गाडी नसल्याची खात्री करायची असते.