वरच्या मजल्याची हवा खरंच स्वच्छ असते का?

नवी मुंबईत घर घेताना ‘वरचा मजला घ्या, हवा चांगली’ असा सल्ला हमखास मिळतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

वाहनांचा धूर रस्त्यालगत निघतो, म्हणून खालच्या मजल्यांना त्याचा त्रास अधिक. मात्र तळोजा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या उंच चिमण्यांचा धूर वरच्या खिडक्यांतूनही आत येतो. शिवाय हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड होते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर खालीच कोंडतो. ऊन तापले की हे झाकण उठते.

म्हणूनच नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फज्रनंतर फिरायला जाणाऱ्या बुजुर्गांनी, विशेषतः दमा किंवा हृदयविकार असल्यास, आधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा निर्देशांक पाहावा. तो २०० च्या वर असेल तर फेरफटका असरनंतर घ्यावा.

घरी छोटे यंत्र असेल तर गच्चीवरचे आणि तळमजल्याचे मोजमाप एकाच वेळी, दोन सारख्या यंत्रांनी करा. सकाळचा आकडा खाली आणि दुपारचा वर घेतला, तर फरक उंचीचा की वेळेचा, हे कळणार नाही. दमट हवेत अशी यंत्रे आकडा फुगवून दाखवतात, हेही लक्षात ठेवा.

उंचीवर किरणोत्सर्ग वाढतो, अशी भीतीही काहींना वाटते. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून पाच किलोमीटरहून वर जाऊन ही वाढ मोजली. त्यातूनच अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांचा शोध लागला आणि १९३६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण वीस मजल्यांची उंची जेमतेम साठ मीटर. एवढ्याने पडणारा फरक नगण्य आहे. जेद्दाहच्या विमानप्रवासातली जादा मात्रासुद्धा जमिनीवर दोन-तीन दिवसांत निसर्गतः मिळते तेवढीच असते. उलट मातीतून झिरपणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू तळमजल्यावर जास्त साचतो. तिथे खिडक्या उघडून हवा खेळती ठेवणे हाच उपाय.

आणि घरातल्या धुराचे काय? बंद खोलीतला लोबान, अगरबत्ती, फोडणीचा धूर कोणत्याही मजल्यावर तितकाच बाधतो. लोबान जाळताना खिडकी उघडा, तान्ह्या बाळाला दुसऱ्या खोलीत न्या. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. तिची काळजी मजला पाहून नव्हे, हवा पाहून घ्यायची.