विंडोज २०००मधील देवनागरी : लिहिणाऱ्यांच्या तक्रारींचा भाषाशास्त्रीय विचार

१७ फेब्रुवारी २००० रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज २०००’ ही संगणकाची नवी कार्यप्रणाली विक्रीस आणली. देवनागरी व तमिळ या दोन भारतीय लिपी तीत अंगभूत होत्या. बाहेरचा कोणताही संच न बसविता मराठी मजकूर लिहिता, साठविता व छापता येणे विंडोजच्या घराण्यात यापूर्वी शक्य नव्हते. सोय अशी, की तिचे स्वागतच व्हावे. प्रत्यक्षात मराठी टंकलेखक, मुद्रक व कार्यालयीन कर्मचारी यांच्याकडून स्वागताइतक्याच तक्रारीही आल्या, आणि त्यांपैकी काही अद्याप मिटलेल्या नाहीत. या तक्रारींकडे सामान्यतः यंत्राविषयीचे अज्ञान किंवा जुन्या सवयीचा हट्ट म्हणून पाहिले जाते. ते बरोबर नाही. लिहिणारा मनुष्य ‘अक्षर’ या संज्ञेने नेमके काय समजतो, याचा पुरावा म्हणून त्यांचे मोल मोठे आहे.

प्रथम पूर्वपीठिका. संगणकावर भारतीय लिपी आणण्याचे जे काम कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये सुरू झाले व पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढले, त्यातून ‘जिस्ट’ हे पत्रक निघाले. डॉसच्या काळात हे पत्रक यंत्रात खोचले की पडद्यावर देवनागरी उमटे. त्यामागील संकेतसारणी, म्हणजे ‘इस्की’, १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तिचे तत्त्व असे, की संकेत वर्णाला द्यावयाचा, आकृतीला नव्हे. ‘क’ला एक अंक, हलन्तचिन्हाला एक अंक, अर्ध्या ‘क’ला स्वतंत्र अंक नाही. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींची वर्णमाला मूलतः एक असल्यामुळे ही सारणी त्या सर्वांना पुरली. १९९१ सालच्याच युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतली.

तथापि, विंडोज ९५ व ९८ यांच्या काळात मराठी मुद्रणव्यवसाय याच्या नेमका उलट मार्गाने गेला. फाँट तयार करणाऱ्या कंपन्यांनी रोमन अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धा ‘क’, रफार असे आकृतींचे तुकडे बसविले. पडद्यावर मराठी दिसे; साठविलेला मजकूर मात्र रोमन अक्षरांचा व चिन्हांचा असे. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असल्याने एका संचातला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की निरर्थक अक्षरांची रांग दिसे. तरीही ही पद्धत लोकप्रिय झाली. शिशाचे खिळे जुळविणाऱ्यालाही अक्षर तुकड्यातुकड्यांनीच परिचित होते, आणि टंकलेखनयंत्रानेही तीच रीत शिकविली होती.

नव्या प्रणालीविषयी पहिली कुरकुर झाली ती यंत्रसामग्रीविषयी. विंडोज २००० ही एन.टी.च्या वंशातली होती. विंडोज ९८साठी लिहिलेले कित्येक चालक तिला चालत नसत. त्यामुळे जुना मुद्रक वा स्कॅनर चालेनासा होई. यंत्राच्या भागांना थेट हात घालणाऱ्या डॉसच्या आज्ञावलींना ती मज्जाव करी, त्यामुळे त्या काळची पत्रके व कुलुपे नव्या चालकावाचून निरुपयोगी ठरत. १३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम व ६४ मेगाबाइट स्मृती ही तिची किमान अपेक्षाही त्या वेळच्या अनेक कचेऱ्यांना जड होती. घरगुती यंत्रांवर तर विंडोज ९८ किंवा मी हीच प्रणाली राहिली व तिथे देवनागरी नव्हतीच. ऑक्टोबर २००१मध्ये आलेल्या एक्सपीने दोन्ही वंश एकत्र आणले, परंतु तीतही गुंतागुंतीच्या लिपींची सोय एक खूण करून मूळ तबकडीवरून वेगळी बसवून घ्यावी लागे. ती तबकडी हाताशी नसलेल्यास मराठीऐवजी रिकामे चौकोन पाहावे लागत.

याहून गंभीर गोष्ट प्रश्नचिन्हांची. मराठीला या प्रणालीत केवळ युनिकोडचा आधार होता. एका बाइटाची जुनी संकेतसारणी तिला दिलेली नव्हती. युनिकोड न जाणणाऱ्या आज्ञावलीत मराठी मजकूर शिरला की प्रत्येक वर्णाच्या जागी एक प्रश्नचिन्ह उभे राही. नोटपॅडमध्ये मजकूर नेहमीच्या रीतीने साठविताना प्रणाली इंग्रजीत एक इशारा देत असे. तो न वाचता होकार दिला, की लेख परत मिळण्याचा मार्ग उरत नसे. येथे दोष लिहिणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होय.

अक्षरवळणाविषयीची तक्रार थोडक्यात सांगता येईल. प्रणालीसोबत आलेला ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला होता. तो पडद्यावर वाचण्यास योग्य असला, तरी अनेक वळणांची सवय झालेल्या मुद्रकास एकाच वळणात समाधान कसे वाटावे?

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. नव्या प्रणालीचा कळफलक ‘इन्स्क्रिप्ट’ धाटणीचा होता. त्यात डाव्या हाताकडे स्वर व उजव्या हाताकडे व्यंजने येतात. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’ मिळतो, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. वर्णमाला जाणणाऱ्यास ही रचना सुंदर वाटेल. परंतु टंकलेखनयंत्रावर शिकलेला मनुष्य वर्णमालेच्या क्रमाने लिहीत नाही, तो कागदावरील क्रमाने लिहितो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते, म्हणून तो ती आधी उमटवितो. रफार शेवटी डोक्यावर चढतो, म्हणून तो शेवटी देतो. नव्या प्रणालीत वेलांटी व्यंजनानंतर द्यावयाची, कारण तिचा उच्चार नंतर होतो; आणि ‘वर्ग’ लिहिताना ‘व’, ‘र’, हलन्तचिन्ह, ‘ग’ असा क्रम ठेवावयाचा. जुन्या सवयीने ‘कविता’ लिहू गेल्यास वेलांटी मागच्या ‘क’ला चिकटे व पडद्यावर ‘किवता’ उमटे. शब्दाच्या आरंभीच वेलांटी दिली तर ती एका तुटक ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली दिसे.

हे वर्तुळ पुष्कळांस बिघाड वाटले. वस्तुतः तो बिघाड नव्हता, तो निर्णय होता. आकृती जुळविणारा ‘युनिस्क्राइब’ हा भाग प्रत्येक अक्षराची घटना तपासतो : व्यंजन, त्यास हलन्तचिन्हाने जोडलेली व्यंजने, मग स्वरचिन्ह, मग अनुस्वार वा विसर्ग. या घटनेत न बसणारे चिन्ह तो निराधार ठरवितो व त्याखाली वर्तुळ काढतो. भाषाशास्त्रज्ञ अस्वीकार्य रूपापुढे फुली मारतो, त्याच जातीचे हे चिन्ह होय. फरक इतकाच, की भाषाशास्त्रज्ञाची फुली भाषकाला विचारून मारलेली असते.

पुसण्याच्या कळींनीही असाच गोंधळ उडविला. ‘क्षि’ या अक्षरात चार संकेत आहेत : क, हलन्तचिन्ह, ष, वेलांटी. डिलीटच्या कळीने संपूर्ण अक्षर एका झटक्यात जाई; बॅकस्पेसने मात्र शेवटचा एकच संकेत जाऊन ‘क्ष’ उरे, पुन्हा दाबल्यास हलन्त ‘क्’. एकच वस्तू पुढून पाहिली तर अखंड आणि मागून पाहिली तर चार तुकड्यांची, ही गोष्ट टंकलेखकाला विपरीत वाटली. पण अक्षर की वर्ण, यांपैकी लेखनाचा घटक कोणता, या जुन्या वादाचीच ही दोन उत्तरे एका यंत्रात शेजारी बसविलेली आहेत.

खास मराठीची म्हणावी अशी अडचण ‘ऱ्’ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन, ‘आचार्यांना’ वंदन करावयाचे व ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाक सांगावयाचा. पहिल्या प्रकारात आधीच्या अक्षरावर आघात येऊन ते गुरू होते, दुसऱ्यात लघूच राहते. म्हणजे हा भेद केवळ वळणाचा नाही, उच्चाराचा व अर्थाचाही आहे. ‘र’, हलन्तचिन्ह, ‘य’ असा क्रम दिला की प्रणाली रफारच काढते, कारण सर्वसाधारण नियम तोच. मराठीसाठी युनिकोडने द्राविडी भाषांतील रकाराच्या लिप्यंतरासाठी असलेला ‘ऱ’ हा वर्ण योजला. त्याला हलन्तचिन्ह जोडले की हवे ते रूप मिळते. कळफलकावर तो ‘र’च्याच कळीवर शिफ्टसह आहे, परंतु ज्या वर्णाला मराठीत पूर्ण रूपात कधी स्थान नाही, तो ‘वाऱ्यावर’ लिहिण्यासाठी शोधावा असे कोणाच्या मनात यावे? (‘ऱ्हस्व’ या शब्दाची सुरुवातही त्यानेच होते, हा योगायोग गमतीचा आहे.)

त्यात भर अशी, की युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत याच रूपासाठी ‘र’, हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह असा निराळा मार्ग सांगितला होता, आणि जुन्या मजकुराच्या सोयीसाठी पुढील आवृत्त्यांनीही तो ग्राह्य ठेवला. रोमन कळांवरून मराठी लिहिण्याच्या काही साधनांनी तोच उचलला. परिणामी ‘तऱ्हा’ हा शब्द आज दोन प्रकारे साठविला जातो. डोळ्यांना दोन्ही एक, यंत्राला भिन्न. युनिकोडची सामान्यीकरणाची रीत हे दोन प्रकार एकरूप करीत नाही. मराठी शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या संशोधकाने अशा शब्दांचे दोन्ही प्रकार आधी एक करून घेतले नाहीत, तर त्याचे आकडे चुकीचे येतात, आणि पडद्यावर पाहून ती चूक सापडत नाही.

‘ॲ’ची कथा याहून लांबली. मूळ सारणीत होता तो ‘ऍ’, म्हणजे ‘ए’वर चंद्र. मराठी लेखनाची रूढी ‘अ’वर चंद्र देण्याची. लोकांनी ‘अ’ लिहून पुढे चंद्राचे चिन्ह दिले; स्वरावर स्वरचिन्ह ही घटना युनिस्क्राइबला अमान्य, म्हणून पुन्हा तेच ठिपक्यांचे वर्तुळ. २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतंत्र संकेत मिळाला. तोवर आठ वर्षांचा मजकूर तयार झालेला होता, आणि ज्या यंत्रांवरील फाँट जुने राहिले त्यांवर नवा शुद्ध ‘ॲ’ रिकाम्या चौकोनासारखा दिसू लागला. त्यामुळे ज्यांना वाचक गमवायचे नव्हते अशांना जाणूनबुजून ‘ऍ’ लिहीत राहावे लागले, आणि ‘ॲसिड’सारखा साधा शब्द आज मराठी मजकुरात तीन निरनिराळ्या संकेतक्रमांनी आढळतो.