२४० दिवसांचं गणित

"आजकालच्या पोरांना कष्ट नकोत." डिसेंबरभरात हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलं, नाशिकच्या सातपूरमधल्या टपरीवर ऐकलं आणि निफाडला एका द्राक्षबागेच्या बांधावरही ऐकलं. पुरावा विचारला की उत्तर ठरलेलं: "आम्ही एका कंपनीत ३० वर्षं काढली, ही पोरं वर्षभर टिकत नाहीत!"

टिकत नाहीत हे खरं. पण का, हे कुणी विचारतं का?

कारखान्यांच्या भाषेत 'ब्रेक' म्हणजे जेवणाची सुट्टी नव्हे. वर्षभरात २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याचं संरक्षण मिळतं, त्याला कायम करण्याचा प्रश्न उभा राहतो. तो उभाच राहू नये म्हणून अनेक ठिकाणी सातव्या महिन्यात पोराला घरी बसवतात आणि काही दिवसांनी नव्या ठेकेदाराच्या नावाखाली परत बोलावतात. माझ्या भाच्याच्या कपाटात अशी तीन ओळखपत्रं आहेत. फोटो तोच, गेट तेच, मशीनही तेच. ठेकेदाराचं नाव तेवढं वेगळं. दोन वर्षं त्याने एकाच मशीनवर काढली, तरी कागदावर तो तीनदा 'सोडून गेला' आहे. आणि हा एकटाच नाही. केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीनुसार २००० च्या सुमारास कारखान्यांतले २० टक्क्यांच्या आसपास कामगार कंत्राटी होते, आता ४० टक्क्यांहून जास्त आहेत. वडिलांना ३० वर्षं टिकवणारी कायम नोकरी मुलाला द्यायची नाही आणि तो टिकत नाही म्हणून वर त्यालाच बोल लावायचा, याची मला चीड येते.

मनोवृत्तीच बदलली असेल, अशी शंका उरतेच. २०१७ साली झाबेल आणि सहकारी संशोधकांनी कामाच्या निष्ठेवरचे ७७ अभ्यास एकत्र तपासले. पिढ्यापिढ्यांत फरक आढळला नाही. मग आपल्याला तो दिसतो कसा? २०१९ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आलेल्या संशोधनात याचा एक धागा सापडतो. ज्यांना स्वतःला वाचनाची आवड, त्यांनाच पुढची पिढी वाचत नाही असं जास्त वाटतं. आपण आज जसे आहोत तसेच लहानपणीही होतो, असं धरून आपण तुलना करतो.

हो, एक गोष्ट बदलली आहे. पगार किती आणि पीएफ भरता का, हे पोरं आधी विचारतात. विचारायलाच हवं.

 

पोरं उशिरा उठतात? पहाटे पाचला नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर या. पोलिस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव तिथे अंधारातच सुरू असतो. २०२४ मध्ये राज्यात सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते.

आणि निफाडच्या बांधावर हेच वाक्य ऐकवणारे ते काका. पोरांना काम नको, असं ते मला तावातावाने सांगत होते, तेव्हा त्यांच्या मागे सुरगाण्याहून आलेली मजुरांची टोळी मांडवाखाली हात वर करून, छोट्या कात्रीने घडांची विरळणी करत होती. सकाळी सातपासून. त्यांतलं कुणीच पंचविशीच्या पुढचं नव्हतं.