बाडस: गळाला लागलेला मासा आणि त्याची स्मृती

महूच्या दक्षिणेला माळव्याचे पठार एकाएकी तुटते. पातालपाणीपाशी चोरल नदी कड्यावरून खाली कोसळते, कालाकुंडच्या जंगलातून वाट काढते आणि बडवाहजवळ नर्मदेला मिळते. जवळच्या जानापावच्या डोंगरावर उगम पावणारी चंबळ मात्र उत्तरेकडे वळते. विंध्याच्या या दक्षिण उतारावर, खडकाळ डोहांमध्ये आणि खळाळत्या पाण्यात, महसीर कुळातला एक मासा राहतो. शास्त्रात त्याला टॉर टॉर म्हणतात, नर्मदेच्या काठावर बाडस. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये महसीरला राज्यमाशाचा मान दिला. महाराष्ट्रात खडशी म्हणून ओळखला जाणारा दख्खनी महसीर, टॉर खुद्री, हा याचाच भाऊबंद. कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून १८३९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

मंदसौरच्या तहानंतर १८१८ मध्ये महूची इंग्रज छावणी वसली. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना मायदेशातल्या ट्राउट माशाची ओढ होती. ट्राउटला थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते आणि पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो. म्हणून त्याची अंडी परदेशातून आणून काश्मीरच्या नाल्यांत आणि निलगिरीच्या ओढ्यांत वाढवली गेली. काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांना यश आले. माळवा-निमाडच्या उन्हाळ्यात ट्राउटला जागा नव्हती. इथे गळ टाकणाऱ्याच्या मनातला मोठा मासा बाडसच होता. हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहून महसीरला सामन माशाच्या पंगतीत बसवले आणि देशभरातल्या छावण्यांमध्ये या माशाची कीर्ती पसरली.

बाडसचे अंग उंच आणि भरदार असते. डोक्याची लांबी अंगाच्या उंचीपेक्षा कमी भरते आणि याच खुणेवरून तो हिमालयातल्या सोनेरी महसीरपासून वेगळा ओळखता येतो. पाठ हिरवट करडी, कुशी सोनेरी, पर तांबूस. ओठ जाड आणि मांसल, तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या. खवले प्रचंड असतात. कल्ल्यापासून शेपटीपर्यंतच्या रेषेवर ते जेमतेम २२ ते २७ भरतात आणि मोठ्या माशाचा एकेक खवला तळहाताएवढा होतो. जबड्यात दात नसतात, घशात असतात. शिंपले-गोगलगायी तिथे भरडल्या जातात आणि कच्चा गळही तिथेच वाकतो किंवा मोडतो.

मासा कणकेच्या गोळ्यावर, फळांवर, लहान माशांवर किंवा चमकणाऱ्या धातूच्या चमच्यावर झेपावतो. गळ लागताच तो प्रवाहाच्या दिशेने जी पहिली धाव घेतो, तिच्यासाठीच महसीर प्रसिद्ध आहे. रिळावरची दोरी सरसर सुटते, आणि मासा खडकाच्या कपारीत शिरला की ती कातळावर घासून तुटते. त्याला दमवून काठाशी आणायला बराच वेळ लागतो. तोवर माशाची ताकद पुरती संपलेली असते, आणि मासा ठेवायचा की सोडायचा याचा निर्णय नेमका याच क्षणी घ्यावा लागतो.

मासा ठेवण्याची, म्हणजे भिंतीवर लावण्याची, रीत विलायतेतून आली. लंडनच्या जे. कूपर अँड सन्सच्या फुगीर काचेच्या पेट्या आणि पर्थच्या पी. डी. मॅलॉक यांचे नमुने शौकिनांच्या दिवाणखान्यांत दिसत. हिंदुस्थानात या कामाचे सर्वांत मोठे नाव म्हैसूरच्या व्हॅन इंगेन अँड व्हॅन इंगेन या पेढीचे. १९०० च्या सुमारास सुरू झालेली ही पेढी वाघ-बिबट्यांसाठी गाजली आणि १९९९ मध्ये बंद झाली. याच घराण्यातले डी वेट व्हॅन इंगेन यांनी २२ मार्च १९४६ रोजी कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंहून अधिक वजनाचा महसीर गळाने पकडला. गळाच्या काठीने पकडलेला सर्वांत मोठा महसीर म्हणून आजही त्याचाच उल्लेख होतो. महसीर पकडणारा आणि त्याची कातडी राखण्याची कला जाणणारा माणूस एकच असण्याचे हे विरळ उदाहरण आहे.

माशात पेंढा भरण्याचे काम नदीकाठीच सुरू होते. पाण्याबाहेर येताच त्याचे रंग उतरू लागतात, म्हणून आधी दोन्ही कुशींचे, डोक्याचे आणि प्रत्येक पराचे जवळून छायाचित्र घ्यावे लागते. मग लांबी आणि अंगाचा सर्वांत मोठा घेर मोजायचा. लांबी शेपटीच्या खाचेपर्यंत घेतली की टोकापर्यंत, हे लिहून ठेवायचे, कारण नोंदींमधला बराच घोळ यातूनच होतो. खाण्यासाठी मासा साफ करतात तसा पोटावर चीर देऊन चालत नाही. अंगावरचा चिकट थर पाण्याने अलगद धुवायचा, पर अंगालगत चपटे ठेवायचे, मासा ओल्या फडक्यात गुंडाळायचा आणि शक्य तितक्या लवकर गोठवायचा. गुंडाळताना एखादा पर दुमडला तर त्याची घडी पुढे सहसा जात नाही.

कारागीर आधी माशाची दर्शनी बाजू ठरवतो. चीर दुसऱ्या बाजूला, जी भिंतीकडे राहणार त्या कुशीच्या मधोमध, कल्ल्यामागून शेपटीच्या बुडापर्यंत जाते. चमच्याच्या बोथट कडेने कातडी मांसापासून सुटी करत न्यायची, परांची मुळे आतून कात्रीने कापायची, डोळे आणि कल्ल्याच्या झालरी काढायच्या, गालांतले मांस खरवडायचे. हे सगळे होत असताना कातडी ओलीच राहिली पाहिजे. ट्राउटचे खवले बारीक आणि कातडीत घट्ट बसलेले असतात. महसीरचा मोठा खवला मात्र कातडीच्या एका खोबणीत रोवलेला असतो. आतून जरा जास्त दाब पडला की तो उचकटतो आणि त्याच्या जागी खोल व्रण राहतो. म्हणून सुटलेला प्रत्येक खवला कुठल्या ओळीतला आणि कितवा हे टिपून वेगळा ठेवतात आणि शेवटी त्याच जागी चिकटवतात.

स्वच्छ केलेल्या कातडीतले तेल आणि चरबी पूर्ण निघाली नाही, तर वर्षा-दोन वर्षांनी ती रंगातून पाझरून पिवळे डाग पाडते. मीठ आणि टाकणखार लावून कातडी टिकवतात. जुन्या काळी यासाठी सोमलाचा साबण वापरत. त्यामुळे जुन्या बंगल्यांत, मेसमध्ये किंवा क्लबांत असा मासा असेल तर तो उघड्या हातांनी झाडू-पुसू नये. आतले अंग पूर्वी लाकूड, काथ्या, पेंढा किंवा कागदाच्या लगद्याचे असे. आता हलक्या फोमचा गाभा माशाच्या मापाला तासतात. कातडी त्यावर ओढून मागची चीर शिवतात, पर ओलसर असतानाच फुलवून पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांत टाचणीने धरतात, आणि सगळे कित्येक आठवडे वाळू देतात.

इतके जमले तरी महसीरचे तोंड हाती लागत नाही. या कामातला सर्वांत हट्टी भाग तोच. ओठांत हाड नसते, सगळे मांस असते, आणि जिवंत माशाचा हा टपोरा ओठ वाळता वाळता आकसून सुकलेल्या चामड्याची पट्टी होतो. मिशा सुतळीसारख्या पिळवटतात. गालावरची कातडी कवटीला चिकटते आणि माशाचा चेहरा उपाशी, म्हातारा दिसू लागतो. म्हणून जाणता कारागीर कातडी सोडवण्याआधीच डोक्याचा साचा घेतो. ओठ आतून पोखरून त्यात लगदा किंवा मेण भरतो, आणि जिथे तेही टिकणार नाही तिथे साच्यातून काढलेले कृत्रिम ओठ बसवतो. डोळा काचेचा. वाळलेली कातडी तपकिरी, निर्जीव दिसते. तिच्यावर पातळ रंगाचे थर चढवत जायचे. खवल्याचे मूळ गडद, कड सोनेरी, आणि पोटाकडे जाताना रंग फिका. भिंतीवर जो मासा दिसतो त्यात माशाची फक्त कातडी, पर आणि काही हाडे असतात. रंग, डोळा, ओठ आणि अंगाचा आकार हे सगळे माणसाच्या हातचे.

कातडीला हात न लावताही मासा राखण्याचे मार्ग पूर्वीपासून होते. मासा फळीवर ठेवून त्याची बाह्यरेषा गिरवायची, तिच्यात वजन, तारीख आणि नदीचे नाव लिहायचे, ही सर्वांत स्वस्त रीत. कोणी नुसते डोके किंवा शेपूट वाळवून फळीवर ठोकत, कोणी एखादा मोठा खवला जपून ठेवत. स्कॉटलंडमध्ये लाकडात कोरून रंगवलेले मासे घडत. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकापासून माशाला शाई फासून त्याचा ठसा पातळ कागदावर घेतात. त्यात खवल्यांची ओळन्‌ओळ उमटते. संग्रहालयाला शोभेपेक्षा शरीररचना महत्त्वाची असते. तिथे मासा फॉर्मलिनमध्ये घट्ट करून नंतर मद्यार्कात ठेवतात. रंग जातो, पण पुढच्या अभ्यासकाला दातांपासून काट्यांपर्यंत सगळे तपासता येते. आणि आता फायबरग्लासची प्रतिकृती आहे. लांबी, घेर आणि छायाचित्रे एवढ्यावर ती घडते, वाळून आकसत नाही, तेल पाझरत नाही, तिला कीड लागत नाही. तिच्यासाठी पकडलेला मासा मारावाही लागत नाही.

वजनासाठीही मासा काट्याला टांगण्याची गरज नाही. लांबी आणि घेर सेंटिमीटरमध्ये घेऊन लांबीला घेराच्या वर्गाने गुणायचे आणि २८,९०० ने भागायचे, की किलोमध्ये अंदाजे वजन मिळते. १०० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर घेराचा मासा साधारण साडेबारा किलो भरतो.

मासाच भिंतीवर लावायचा म्हटले, तर अडचणी इथून पुढे सुरू होतात. पहिली अडचण कारागिरांची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली, टॅक्सिडर्मीचा व्यवसाय परवान्याखाली आणला आणि राजेरजवाड्यांच्या मागणीवर जगणाऱ्या पेढ्यांचे काम आटले. महाराष्ट्रात ही विद्या मुख्यतः एका माणसाच्या चिकाटीवर तगली. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड पक्षी आणि माशांपासून सुरुवात करून वाघ-सिंहांपर्यंत पोचले. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये वन्यजीव टॅक्सिडर्मी केंद्र उभे राहिले, तिथे मृत्यू पावलेल्या प्राण्यांवर रीतसर परवानगीने काम होते. महूच्या रहिवाशाला मात्र मासा गोठवून इतक्या दूर न्यायचा म्हटले, तरी वाटेतच तो हातचा जाण्याची भीती. दुसरी अडचण हवेची. पावसाळ्यातल्या दमटपणात बुरशी धरते, कातडी खाणारे भुंगेरे पर कुरतडतात, आणि उन्हाळ्याच्या कोरड्या झळांनी शिवण उलते. काचबंद पेटीशिवाय पेंढा भरलेला मासा फार वर्षे काढत नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, आणि ती नदीत आहे. होशंगाबाद परिसरात १९६० च्या दशकात झालेल्या पाहणीत नर्मदेतून निघणाऱ्या मासळीचा चतुर्थांशाच्या आसपास हिस्सा महसीरचा होता. पुढे तवा, बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर अशी धरणे झाली. वाहत्या, खडीच्या तळाच्या नदीचे लांबच लांब पट्टे साठलेले पाणी झाले. बाडसला अंडी घालायला पावसाळ्यातला पूर, उलट प्रवाहात चढून जाण्याची वाट आणि स्वच्छ खडी लागते. धरणाने वाट अडवली, वाळूउपशाने तळ उकरला, आणि मासळीतला महसीरचा वाटा अगदी थोडका उरला. रोहू-कटलाच्या मानाने महसीर अंडीही फार कमी घालतो. सर्वांत मोठे मासे बहुधा माद्या असतात आणि सर्वांत जास्त अंडी त्यांच्याच पोटात असतात. म्हणजे भिंतीवर लावण्याजोगा मासा हाच नदीला सर्वाधिक गरजेचा असतो. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. पण विणीचा काळ त्यानंतरही लांबतो, आणि उन्हाळ्यात आटलेल्या डोहांत अडकलेले मोठे मासे बंदीच्या आधीच जाळ्यात किंवा सुरुंगाच्या धक्क्याने संपतात.

महसीर परत आणता येतो, हे लोणावळ्याने दाखवून दिले. टाटांच्या वळवण तलावाकाठच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी दख्खनी महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. तयार मादीच्या पोटावरून हात फिरवून अंडी काढायची, नराच्या वीर्याशी मिसळायची आणि वाहत्या पाण्याच्या तबकांत उबवायची, ही रीत तिथे बसली. अंडी दूरच्या राज्यांत पाठवण्यासाठी पाण्याने भरलेल्या जड डब्यांची गरज नाही, ओल्या कापसाच्या थरांतही ती सुखरूप जातात, हे या दोघांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. तिथले बीज अनेक नद्यांत सोडले गेले. आपल्या मूळ प्रदेशाबाहेर, कावेरीत, ते सोडल्याने तिथल्या कुबडी महसीरवर संकट ओढवले, हा धडाही त्यातून मिळाला. कुबडी महसीर आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. ज्या नदीचा मासा त्याच नदीत वाढवावा हा नियम त्यामुळे पक्का झाला. बडवाहच्या वनविभागाने चोरलच्या परिसरात बाडसच्या प्रजननासाठी केलेले काम याच नियमाला धरून आहे. रायगड जिल्ह्यातल्या वाळण कोंडीसारख्या देवाच्या डोहांत गावकऱ्यांनी महसीरला पिढ्यान्‌पिढ्या अभय दिले आहे. महूजवळच्या डोहांनाही असे अभय देता येईल.

बाडस गळाला लागलाच, तर नियमात बसणाऱ्या ठिकाणी आणि हंगामातच तो लागलेला असावा. गळ बिनकाट्याचा असावा, मासा पाण्यातच जाळीत धरून मोजावा, जबड्याने उभा टांगू नये, एक-दोन छायाचित्रे घेऊन तोंड प्रवाहाकडे करून तो स्थिर होईपर्यंत हाताने सावरावा आणि सोडावा. उन्हाळ्यात पाणी तापलेले असताना गळ टाकूच नये, कारण दमलेला मासा सोडल्यावरही वाचत नाही. ज्याला भिंतीवर आठवण हवी त्याने लांबी, घेर आणि छायाचित्रे घेऊन प्रतिकृती करून घ्यावी. पेंढा भरण्याची कला आधीच मेलेल्या माशांसाठी आणि संग्रहालयांसाठी जपली जावी. नर्मदेत आज जितके बाडस उरले आहेत, त्यात भिंतीसाठी मारण्याजोगा एकही नाही.