वैनगंगेच्या वाटेवरील श्रद्धावान स्थापत्यविशारद

बालाघाटची आपली वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते व सिरोंच्यानजीक गोदावरीत विलीन होते. हेच पाणी पुढे आंध्रात, धवळेश्वरम् येथे, सर आर्थर कॉटन (१८०३–१८९९) यांनी अडविले. दुष्काळाने गांजलेल्या त्या प्रदेशासाठी १८४७ ते १८५२ या काळात त्यांनी बांध उभारला आणि कालव्यांनी त्रिभुज प्रदेश हिरवागार केला. सरकारचा ओढा रेल्वेकडे. कॉटन मात्र कालव्यांसाठी आयुष्यभर झगडले. ते निष्ठावंत ख्रिस्ती होते. भुकेल्यांची चिंता त्यांच्या धर्मश्रद्धेतूनच उपजली होती. कन्या लेडी होप यांनी १९०० मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. वत्सल पित्याला याहून मोठे श्राद्ध कोणते? इंग्रजी राज्य गेले. गोदाकाठच्या शेतकऱ्याने कॉटन यांचा पुतळा मात्र आदराने जपला आहे.