मिरगापासून वैशाखापर्यंत : स्काऊट पथकाचे वर्ष

स्काऊट पथक म्हणजे दहा ते सतरा वर्षे वयाच्या मुलांचा, मुलांनीच चालवलेला गट. सहा ते आठ मुलांचा एक संघ होतो, त्याला संघनायक असतो आणि असे चार संघ मिळून 32 मुलांचे पूर्ण पथक होते. मुलींच्या अशाच गटाला गाईड कंपनी म्हणतात. दहा वर्षांखालील मुलगे कब होतात, मुली बुलबुल. आठवड्याची सभा, अधूनमधून हाईक आणि वर्षातून एक मोठे शिबिर हा आराखडा सगळ्या देशांत जवळपास सारखाच आहे. त्यात काय भरायचे, हे मात्र त्या त्या ठिकाणचा पाऊस, शेती, सण आणि शाळेच्या परीक्षा ठरवतात. सिंधुदुर्गात, कर्लीच्या खाडीकाठच्या वालावलसारख्या गावात पथकाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि आंबे उतरवून झाले की संपते. परदेशी पुस्तकातले वेळापत्रक इथे उतरवून घेतले, तर शिबिर ऐन पावसात येईल आणि सेवेची खरी गरज असते तेव्हा पथक सुट्टीवर असेल.

चर्चच्या सभागृहातून शाळेच्या पटांगणावर

इंग्लंड-अमेरिकेत अनेक स्काऊट पथके एखाद्या चर्चच्या आश्रयाने चालतात. याचे मूळ स्काऊटिंगच्याही आधी सापडते. 1883 मध्ये विल्यम स्मिथ यांनी ग्लासगो शहरात ‘बॉईज ब्रिगेड’ सुरू केली, ती चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी. कवायत, खेळ आणि प्रार्थना यांची सांगड घालणारा हा प्रयोग लवकरच ब्रिटनभर पसरला. 1907 च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर जे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, त्यातल्या सुमारे वीस मुलांपैकी काही बॉईज ब्रिगेडमधूनच आलेली होती. श्रीमंतांच्या निवासी शाळांतली मुले आणि कामगारांची मुले तिथे एकाच संघात राहिली. पुढच्याच वर्षी बेडन पॉवेल यांचे ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक क्रमशः प्रसिद्ध झाले आणि मुलांनी गावोगावी आपणहून संघ बांधले. त्यांना पावसाथंडीत जमायला छप्पर हवे होते आणि लक्ष ठेवायला खात्रीचे मोठे माणूस हवे होते. चर्चकडे दोन्ही होते. फ्रान्समध्ये जेझुइट धर्मगुरू जाक सेवँ यांनी 1920 मध्ये कॅथलिक स्काऊटांची संघटना उभी केली.

चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या पथकांचे वर्ष बरेचसे चर्चच्या दिनदर्शिकेला धरून चालते. अमेरिकेत फेब्रुवारीत ‘स्काऊट संडे’ला मुले गणवेशात प्रार्थनेला जातात. शरद ऋतूत घरोघर फिरून गरजूंसाठी धान्य गोळा करतात. ब्रिटनमध्ये 23 एप्रिलला, सेंट जॉर्ज या स्काऊटांच्या आश्रयदात्या संताच्या दिवशी, प्रतिज्ञेची उजळणी होते.

भारतात 1909 मध्ये बंगळुरूला कॅप्टन टी. एच. बेकर यांनी पहिले पथक काढले, पण त्या काळी ही चळवळ युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले व्हिव्हियन बोस यांनी 1913 मध्ये मध्य प्रांतात भारतीय मुलांसाठी काम सुरू केले. मद्रासमध्ये ॲनी बेझंट आणि अलाहाबादला मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी स्वतंत्र भारतीय संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी, वेगवेगळ्या संघटनांचे ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ या एका संस्थेत विलीनीकरण झाले आणि 1951 मध्ये गाईडही त्यात आल्या. आज आपल्याकडची बहुतेक पथके शाळांमध्ये आहेत. शाळेबाहेर संस्था, वस्ती किंवा चर्च यांच्या आधाराने मुक्त पथक काढण्याची सोयही आहे.

सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती समाजासाठी 2005 मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा धर्मप्रांत झाला, त्याचे केंद्र सावंतवाडीला आहे. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात पथकाची सभा भरवणे अशा ठिकाणी सहज शक्य असते. पथकाचा आश्रयदाता चर्च असो, देवस्थान असो की शाळा, भारतीय पथकात सर्वधर्म प्रार्थना असते आणि प्रतिज्ञा घेताना ईश्वर किंवा धर्म यांपैकी मुलाला पटेल तो शब्द उच्चारता येतो. त्यामुळे वालावलच्या लक्ष्मीनारायण मंदिराच्या तळ्याकाठी वाढलेला मुलगा आणि चर्चच्या फेस्ताला जाणारा मुलगा एकाच संघात बसतात.

मिरग ते श्रावण

मिरगाचा पाऊस आणि शाळा बरोबरच सुरू होतात. जून हा नोंदणीचा महिना. नवीन मुले प्रवेशाची तयारी करतात. प्रतिज्ञा, नऊ नियम, तीन बोटांची सलामी आणि डाव्या हाताचे हस्तांदोलन शिकतात. दीक्षाविधीत स्कार्फ गळ्यात पडला की मूल पथकाचे झाले. त्यापुढे प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या आहेत.

कोकणात हे दिवस छपराखालच्या शिक्षणाचे. गाठी, नकाशावाचन, होकायंत्र आणि प्रथमोपचार यांना चार महिने पुरत नाहीत. गाठी शिकवायला बाजारातली नायलॉनची दोरी आणतात, पण ती गुळगुळीत असल्याने सैल होते. घरचा काथ्याचा दोर ओला असताना ताणून बांबूवर क्लोव्ह हिच घातली, तर पकड कशी बसते हे मुलाच्या बोटांनाच कळते. पहिला वेढा घ्यायचा, दुसरा त्याच्यावरून तिरका न्यायचा, टोक त्याच तिरक्या वेढ्याखालून काढायचे आणि दोन्ही बाजूंनी सारखे ओढायचे. दोर बांबूला काटकोनात न ओढता बांबूच्या लांबीच्या दिशेने ओढला, की गाठ सरकू लागते. हा दोष मुलाला हाताने करून दाखवला, की तो पुन्हा होत नाही.

प्रथमोपचारात सर्पदंशाला पहिला मान द्यावा लागतो, कारण लावणीच्या हंगामात शेतात आणि अंगणात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्याशी गाठ पडते. स्काऊटने शिकायची कृती थोडकी आहे. माणसाला धीर देऊन स्वस्थ ठेवायचे, अंगठ्या-बांगड्या उतरवायच्या, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि वेळ न घालवता प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यायचे. जखम कापू नये, चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. मांत्रिकाकडे जाण्यात घालवलेला वेळ जीव घेतो, हे पथकातल्या मुलाने घरी ठामपणे सांगायला हवे. पावसातला दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. पायाला जखम असताना चिखलात उतरू नये आणि ताप आल्यास शेतातल्या कामाचा उल्लेख डॉक्टरांकडे करावा, इतके माहीत असले तरी मोठा फरक पडतो.

1 ऑगस्टला जगभरचे स्काऊट दिवसभर स्कार्फ बांधतात, कारण ब्राउनसीचे शिबिर त्या दिवशी सुरू झाले. 15 ऑगस्टच्या ध्वजवंदनाची जबाबदारी बहुधा पथकाकडेच असते. ध्वजाची घडी घालणे, तो दोरीला बांधणे आणि एका झटक्यात उलगडेल असा वर चढवणे याचा सराव महिनाभर आधी सुरू होतो.

गणपती ते दिवाळी

गणेशोत्सवात कोकण माणसांनी भरून जाते. कुडाळ स्थानकावर चाकरमान्यांच्या गर्दीत वृद्धांना वाट काढून देणे, पाण्याची सोय करणे, विसर्जनाच्या जागी निर्माल्य वेगळे गोळा करणे ही कामे मुलांना झेपणारी आहेत. पाण्यात उतरण्याचे काम मात्र मोठ्यांचेच. सेवा करणारे मूल स्वतः धोक्यात येऊ नये, हा स्काऊटमास्तरचा पहिला नियम असतो.

पाऊस ओसरला की हाईक सुरू होतात. वालावलच्या आसपास माड-पोफळीची वाडी, भातशेती, तळे, कांदळवन आणि खाडी एका सकाळच्या चालण्यात येतात, म्हणून नकाशा काढायला हा प्रदेश उत्तम. एका संघाने ठरावीक दगडापाशी दर तासाला कर्लीच्या पाण्याची उंची मोजली, तर भरती-ओहोटीचा आलेख तयार होतो. दुसऱ्या दिवशी तीच भरती साधारण 50 मिनिटे उशिरा येते, हे पुस्तकात वाचण्याआधी मुलांना स्वतःला दिसते. उधाणाच्या आणि भांगाच्या भरतीतला फरक गावातले मासेमारी करणारे समजावून देतात. होडीत बसायचे तर प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असलेच पाहिजे.

ऑक्टोबरमध्ये जगभरचे स्काऊट हॅम रेडिओ आणि इंटरनेटवरून एकमेकांशी बोलतात. 7 नोव्हेंबरला संस्थेचा ध्वजदिन येतो. मुले ध्वजाची छोटी चिकटचित्रे देऊन निधी जमवतात आणि जमलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब लिहितात.

थंडी : शिबिर आणि खरी कमाई

डिसेंबर-जानेवारी हा पथकाचा भराचा काळ. आकाश मोकळे, जमीन कोरडी आणि रात्री गार असतात. तंबू, बांबूची गॅझेट्स, तात्पुरता पूल, खुणांवरून माग काढण्याचा खेळ आणि शेवटच्या रात्री शेकोटी असा शिबिराचा क्रम असतो. चपला ठेवायचा स्टँड किंवा भांडी वाळवायची मांडणी मुले फक्त बांबू आणि दोर वापरून करतात. एकही खिळा वापरायचा नाही, ही अट.

सर्वांत रंगतो तो बिनभांड्याचा स्वयंपाक. इथे कोकणचे मूल शहरातल्या मुलाच्या पुढे असते, कारण त्याच्या घरी पातोळ्या हळदीच्या पानात होतात आणि पानगी केळीच्या पानात भाजली जाते. तांदळाचे पीठ, गूळ, ओले खोबरे केळीच्या पानात बांधून निखाऱ्यावर ठेवायचे, पान वरून काळे पडले की उलटायचे. कांद्याचा गाभा कोरून त्यात अंडे फोडायचे, ओल्या मातीने लिंपून राखेत पुरायचे. ज्वाळेवर ठेवले तर बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. निखारे होईपर्यंत थांबणे हाच या स्वयंपाकातला मुख्य धडा आहे. जेवण झाल्यावर चूल पाण्याने विझवून जागा होती तशी करायची, यालाही परीक्षेत गुण असतात.

याच दिवसांत नाताळ येतो. ख्रिस्ती मुलांच्या घरी गोठा सजवायला सगळा संघ हात लावतो, तसे दिवाळीत सगळ्यांनी मिळून किल्ला केलेला असतो. शाळांमध्ये ‘खरी कमाई’चा दिवसही बहुधा हिवाळ्यातच ठरतो. मुले स्वतः केलेले पदार्थ, भाजी, हस्तकलेच्या वस्तू विकायला मांडतात. घरून पैसे मागून पथकनिधीत भरायचे नाहीत, ते श्रमाने मिळवायचे, हा त्यामागचा विचार. कोकम सरबताचा एक पेला किती रुपयांना पडला, साखर किती लागली, उरले किती, हे लिहिता येणे म्हणजे काटकसरीचा नियम प्रत्यक्षात उतरणे.

फेब्रुवारी ते मे

22 फेब्रुवारी हा बेडन पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह या दोघांचाही जन्मदिवस. 1926 पासून गाईड हा दिवस ‘चिंतन दिन’ म्हणून पाळतात. जगभरातल्या गाईडांच्या पाच जागतिक केंद्रांपैकी एक, ‘संगम’, पुण्यात आहे. ते 16 ऑक्टोबर 1966 रोजी सुरू झाले. सिंधुदुर्गातल्या मुलीला या चळवळीचे जागतिक रूप पाहायला देशाबाहेर जावे लागत नाही.

मार्चमध्ये परीक्षांमुळे सभा कमी होतात. समुद्रकाठी मात्र ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले याच सुमारास समुद्राकडे निघतात. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला कासवसंवर्धनाचे काम चालते. तिथे जाणाऱ्या पथकाने पिल्लांना हात न लावणे, रात्री विजेरी न मारणे आणि कार्यकर्त्यांनी सांगितलेले अंतर राखणे हीच मदत. रानातल्या हाईकवर या दिवसांत पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे लागतात आणि परतल्यावर अंगावर गोचीड तपासावी लागते. जिल्ह्यात 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली होती आणि तो गोचिडीतून पसरतो.

एप्रिल-मे हे काजू-आंब्याचे आणि वणव्याचे दिवस. पक्ष्यांसाठी पाणी ठेवणे, सुकलेला पाला वाटेवरून हटवणे, पावसाआधी गटारे मोकळी करणे ही कामे लहान असली तरी वेळेवर झाली तर उपयोगी पडतात. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्याला झोडपले. तेव्हापासून वादळाची पूर्वतयारी हा इथल्या पथकाच्या अभ्यासक्रमाचा भाग व्हायला हवा. विजेरी, कोरडे अन्न, पाणी, औषधे, कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी आणि शेजारच्या एकट्या वृद्धांची यादी हे सगळे मेच्या पहिल्या आठवड्यात तयार असले, तर ‘तयार रहा’ हे ब्रीद खरे ठरते.

पथकाची बातमी

पथकाचे काम टिकते ते नोंदींमुळे. संघ स्वतःची लॉगबुक ठेवतो. त्यात हाईकची तारीख, मार्गाचा रेखानकाशा, हवामान, दिसलेले पक्षी, झालेल्या चुका आणि खर्च असतो. महिन्याच्या सुरुवातीला सूचना फलकावर पुढच्या कार्यक्रमांची यादी लागते, त्यात वेळ, जमायची जागा, आणायचे सामान आणि सोबत येणाऱ्या मोठ्या माणसांची माहिती स्पष्ट लिहिलेली असावी. पालकांचे संमतिपत्र आणि मुलाच्या आजाराची माहिती शिबिराआधी हातात असलीच पाहिजे. संघनायकांच्या बैठकीत, म्हणजे कोर्ट ऑफ ऑनरमध्ये, पुढचा कार्यक्रम ठरतो. निर्णय मुलांचा, सुरक्षेची जबाबदारी मोठ्यांची, ही वाटणी पथकात पाळली जाते.

नवे पथक काढायचे असेल, तर शाळा किंवा संस्थेने जिल्ह्याच्या स्काऊट-गाईड कार्यालयाशी संपर्क साधून प्रशिक्षित शिक्षक द्यावा, नोंदणी करावी आणि जूनमध्ये एका संघाने सुरुवात करावी. गावाकडे अनुभवी शेतकरी, नावाडी, परिचारिका आणि सुतार असतात. त्यांना वर्षातून एकेक सभा दिली, तर गाठीपासून प्रथमोपचारापर्यंतचा बराचसा अभ्यासक्रम गावातल्या माणसांकडूनच शिकून होतो. शिबिराचे साहित्य पुढच्या वर्षी घेता येते. दर आठवड्याची सभा मात्र पहिल्या महिन्यापासून चुकता कामा नये.