मळलेले कुलूप आणि तिजोरीची मरम्मत

जुनी तिजोरी एकाएकी उघडेनाशी झाली की घरात ड्रिल आणि घणाच्या गोष्टी सुरू होतात. पुष्कळदा कुलूप मोडलेले नसतेच. ते फक्त मळलेले असते.

कयाधूकाठचे नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून वारकऱ्यांना ठाऊक आहे, आणि ते ज्यात आहे तो हिंगोली जिल्हा हळदीसाठी. अशा मुलखात तिजोरीच्या किल्लीच्या भोकात काय काय जात असेल, याचा अंदाज सहज येतो. आडत दुकानात हळदीची बारीक धूळ सतत उडत असते. लक्ष्मीपूजनाला तिजोरीच्या दारावर हळद-कुंकू आणि अक्षता वाहिल्या जातात, समोर उदबत्ती जळते. देवघराजवळ तिजोरी असेल तर बुक्काही असतोच. किल्ली अडखळू लागली की मालक काळजीपोटी भोकात खोबरेल सोडतो. ते तेल धुळीला धरून ठेवते आणि कालांतराने आत चिकट थर बसतो. जमिनीत बसवलेल्या तिजोरीचे तर तोंडच वर असते. धूळ सरळ आत पडते आणि पावसाळ्यात ओल चढून गंज धरतो.

आपल्याकडे तिजोरी म्हटले की गोदरेजचे नाव येते. वकिली सोडून आलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. तिजोऱ्या त्यानंतर, १९०२च्या सुमारास आल्या. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. जाड पोलादी दार हे तिजोरीचे अंग. तिचा जीव कुलपात.

त्या कुलपाचे तत्त्व १७७८ साली इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरन यांनी पेटंट केलेल्या कुलपाकडे जाते. पितळेचे पातळ लिव्हर एकावर एक, एकाच खुंटीवर बसवलेले असतात आणि प्रत्येकाला आपली स्प्रिंग असते. किल्लीचा प्रत्येक दाता आपल्या लिव्हरला नेमक्या उंचीवर उचलतो. सगळ्यांच्या खाचा एका ओळीत आल्या की कुलपाची जीभ सरकते. मग मूठ फिरवून दाराचे अडसर मागे घेता येतात. एकही लिव्हर जरा कमी किंवा जास्त उचलला गेला तर जीभ जागची हलत नाही. म्हणूनच चिकटून अर्धवट वर राहिलेला एक लिव्हर खऱ्या किल्लीलाही परकी ठरवतो.

सफाईचे काम दार उघडे असतानाच करायचे. दाराच्या आतल्या पत्र्याचे स्क्रू काढले की अडसरांचे दांडे आणि कुलपाची पेटी दिसते. काहीही हलवण्याआधी फोटो काढावा. पेटी उतरवल्यावर लिव्हर एकेक करून, ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने आणि त्याच बाजूने कागदावर मांडावेत. दोन लिव्हरची अदलाबदल झाली तर कुलूप त्याच किल्लीला ओळखणार नाही. मग रॉकेलमध्ये बुडवून मऊ ब्रशने मळ सोडवावा, सुती कापडाने पुसून पूर्ण वाळू द्यावे. स्प्रिंग वाकलेली वा थकलेली असेल तर बदलावी. खाचेला मात्र कानस कधीही लावू नये: तिथे घासलेला अंशभरही भाग पुन्हा भरून निघत नाही, आणि कुलपाची सुरक्षितता तेवढी कमी होते.

जोडताना लिव्हरवर तेल नको. ग्रॅफाइटची चिमूटभर पूड पुरते. ग्रीस लागते ते अडसर जिथे घासतात तिथे, तेही पातळ हाताने.

ड्रिल हा शेवटचा उपाय, आणि तोही जाणत्याच्याच हाती. दार आणि भिंतींत आगीपासून बचावासाठी भरण असते; काही जुन्या भरणीत ॲस्बेस्टॉसही असू शकते, तिची धूळ श्वासात जाणे घातक. चुकीच्या जागी पाडलेले भोक आधी त्या संरक्षणाची हानी करते.

जोडणी झाल्यावर दार उघडेच ठेवून किल्ली पुन्हा पुन्हा फिरवून पाहावी, अडसर बाहेर काढून आत घ्यावेत. दुसरी किल्ली तिजोरीबाहेर, विश्वासाच्या ठिकाणी ठेवावी. आणि घरातल्या कुणा तरुणाने किल्लीवाल्याशेजारी बसून हे काम नीट पाहून घ्यावे. जुन्या तिजोऱ्या अजून दणकट आहेत. त्यांची कुलपे उघडून समजून घेणारे हात मात्र तयार करावे लागतील.